पहिल्यांदाच आलात का?

मंगळवार, १ ऑक्टोबर

प्रिय वहिनीबाई,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा पत्ता मला सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याकडून मिळाला. सख्ख्या भावाची बायको गाव सोडून जाते आणि ती कुठे उतरली हे मला ट्रकवाला सांगतो, हेही बघायचं राहिलं होतं. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात, चूक दिसली की लाल रेघ ओढल्याशिवाय माझा हात राहत नाही. ओढली, आता पुढचं ऐक.

हॉस्पिटलात चादरी शिवायची नोकरी मिळाली म्हणे. मिळाली तर कर. बाळ्या गेल्यावर त्या घरात तुला राहवेना, हेही मी समजू शकते, जरी मी त्याच घरासमोरून रोज जाते आणि मला कुठे पळून जायची सोय नाही. पण येत्या रविवारी तिथल्या चर्चला जायचं. 'सामान लावायचं होतं' ही सबब मला सांगू नकोस.

कारण तुलाही ठाऊक आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी बाळ्याला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी स्मरणाच्या प्रार्थनेत त्याचं नाव वाचलं गेलं पाहिजे. मी आपल्या चर्चच्या पाळकांना म्हटलं, इथे वाचा, हा मुलगा इथेच लहानाचा मोठा झाला. ते म्हणाले, "बाई, नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात. गाव सोडलं की माणसाचं नाव नव्या मंडळीच्या सभासदांच्या पुस्तकात जातं, आणि बायकोचं नाव ज्या पुस्तकात, तिथेच नवऱ्याचं नाव वाचायचं." माझाच दगड माझ्याच पायावर पडला. तेव्हा तिथल्या पुस्तकात तुझं नाव चढायला हवं. त्यासाठी लागणारा इथला दाखला मी पाठवते. दाखले माझ्याच हातून जातात.

नवीन माणसानं कसं वागावं ते बावीस वर्षं चर्चच्या दारात उभी राहिलेली बाई सांगते आहे, नीट ऐक. दहा मिनिटं आधी जायचं. हसायचं, पण दात दाखवून नाही. कुणाच्या बाकावर बसायचं नाही. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी स्वतः हात धरून आत नेते, चहा मिळाला का ते विचारते. पायांतल्या चपला बघूनच मला कळतं की हा प्रार्थनेला आलाय की बिस्किटांना. तिथेही कुणीतरी माझ्यासारखी असेलच.

तुझी ताई

सोमवार, ७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सलाम. पत्ता आधी कळवायला हवा होता, चुकले. खोली कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आहे. दिवसभर कानस चालते, पण मालक माणूस बरा आहे. हॉस्पिटलातलं काम म्हणजे फाटक्या चादरींना ठिगळ आणि सुटलेल्या गाउनांना नाड्या. माझं मशीन तिथेच नेऊन ठेवलंय.

काल गेले. पंधरा मिनिटं आधी पोहोचले. दारात एक काका होते, हातात गीतांच्या पुस्तकांची चळत. त्यांनी विचारलं, "कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, "उपासनेला."

"ते झालं, पण कुणाकडे?"

कुणाकडेच नाही म्हटल्यावर त्यांनी चळत खाली ठेवली, खिशातून एक पिवळी फीत काढली आणि माझ्या पदराला टाचली. इथली पद्धत आहे ही. नवीन माणसाला पिवळी फीत, म्हणजे मंडळीनं त्याला ओळखून आपणहून बोलावं. मला आवडली कल्पना. आत जाऊन बसले तर एक बाई म्हणाल्या, "ही जागा डॉक्टरीणबाईंची." उठले. पुढच्या बाकावर एका गृहस्थांनी छत्री आडवी ठेवली होती. त्याच्या मागच्या बाकावर बसले तर शेजारीण कुजबुजली, "इथे आमचे मामा बसतात." मामा आले नाहीत म्हणून शेवटी मीच विचारलं. मामांना वारून चार वर्षं झाली. तरी उठायला लागलं ताई. मेलेल्या माणसाला जागा होती, मला नव्हती.

उपासनेनंतर मागच्या खोलीत अर्धा तास चहा असतो. मी कप घेऊन खिडकीशी उभी राहिले. फितीचा उपयोग असा झाला की माझ्याकडे यायचं नाही हे सगळ्यांना लांबूनच कळलं. एक बाई माझ्याकडे बघून हसल्या, मग त्यांची नजर पदरावर गेली आणि त्या साखर घ्यायला वळल्या. त्यांच्या कपात आधीच दोन चमचे पडलेले मी पाहिले होते.

पुस्तकात नाव चढायला दाखला आणि दोन सभासदांच्या सह्या लागतात. तोवर फीत काढायची नाही. दाखल्याचं तेवढं बघा. सह्या मी मिळवते. ह्यांचं नाव वाचलं जाईल.

तुमची भावजय

शनिवार, १२ ऑक्टोबर

प्रिय वहिनीबाई,

सलाम. पत्र वाचलं आणि माझीच चूक ध्यानात आली. हसायचं कसं ते सांगितलं, पण आरशासमोर करून बघ हे सांगायचं राहिलं. तुझा चेहरा म्हणजे रविवारचं बंद दुकान. लोक येणार कुठून? त्यांना आधी तुझा चेहरा दिसला, आणि तू राग काढतेस फितीवर! नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत.

आणि त्यांचंही बरोबर आहे. मंडळी म्हणजे धर्मशाळा नव्हे. गेल्या रविवारी आमच्याकडे एक रंगारी आला. नखांत हिरवा रंग, सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास. मी त्याला हसून, अगदी प्रेमानं, शेवटच्या बाकावर बसवलं. म्हटलं, इथे वारा चांगला लागतो. तर तो मान वळवून म्हणतो, "बाई, वारा नको, मला ऐकू कमी येतं, पुढे बसू का?" मी म्हटलं, पुढचे बाक भरतील आता. भरले नाहीत, पण मी काय भविष्य सांगणारी आहे? दुसऱ्या गीताला उठून गेला. चहाच्या वेळी मी त्याची नक्कल करून दाखवली, हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. ज्याला खरी ओढ असते तो असा उठून जात नाही.

तू उठू नकोस. दाखला मंगळवारी टपालात टाकते.

तुझी ताई

सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सलाम. काल सहावा रविवार. दारातल्या काकांनी पाचव्यांदा विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" मधले तीन रविवार मी नाही म्हणत होते. मग ते वहीत शोधायचे, सापडायचं नाही, मागे रांग लागायची. आता मी हो म्हणते. सहा वेळा पहिल्यांदा आलेली बाई या जगात मी एकटीच असेन.

तुमच्या सांगण्यावरून आरशासमोर हसून पाहिलं. खालून दुकानदारानं विचारलं, काही दुखतंय का.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर याच मंडळीतल्या आहेत हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. हॉस्पिटलात त्या दिवसातून चार वेळा माझ्याकडे येतात, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून सुनेच्या कागाळ्या सांगतात, माझ्या डब्यातलं खातात. चर्चमध्ये मी पुढे होऊन नमस्कार केला तर म्हणाल्या, "आपण कुठे भेटलोय का?" सोमवारी पुन्हा स्टुलावर. मी विचारलं, सिस्टर, काल ओळख का नाही दाखवली? त्या अगदी सरळ म्हणाल्या, "अगं, तुला फीत होती ना. मी तुझ्याशी बोलले असते तर तुला सगळ्यांना भेटवायची जबाबदारी माझ्यावर आली असती. रविवार एकच मिळतो मला."

त्यांनी सही द्यायचं कबूल केलंय. बदल्यात बैठकीच्या खोलीचे सहा पडदे शिवून द्यायचे आहेत, अस्तरासकट. शिवते आहे.

ताई, दाखला अजून आला नाही. मंगळवारी टाकला होता ना? तो कुठला मंगळवार?

तुमची भावजय

बुधवार, २० नोव्हेंबर

प्रिय वहिनीबाई,

सलाम. टपालखात्याच्या नावानं मी बोटं मोडणार नाही, पण दाखला वाटेत गहाळ झालेला दिसतो. दुसरा काढून पाठवते. पाळकांची सही लागते आणि पाळक सध्या दौऱ्यावर.

पडद्यांची युक्ती छान. शिलाईचा हात ही देवाची देणगी आहे, ती वापर. तिथल्या गायकांचे झगे पाहिलेस का? सगळ्या मंडळ्यांत गायकांचे झगे उसवलेलेच असतात. मागे लागून मागून घे, फुकट शिवून दे. माणसं माणसाला आत घेत नाहीत, कामाला घेतात. मग कामामागून माणूस आत सरकतो. हे मी तुला म्हणून सांगते, दारात उभी राहून दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

दाखल्याची सारखी आठवण करू नकोस. मी काही विसरभोळी नाही.

तुझी ताई

सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

सलाम. तीन महिने मी आठवण केली नाही. तुम्हीच नको म्हणाला होता.

माझ्याकडे दोन्ही सह्या आहेत. एक सिस्टरांची. दुसरी ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांची. तुमच्या सांगण्याप्रमाणे गायकांचे चौदा झगे शिवले, तेव्हा ते खूश झाले. त्यांना माझा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, त्यांच्या धाकट्या मेहुणीचा असावा. मी दुरुस्ती केली नाही. सही सही असते.

इथल्या चर्चचे सेक्रेटरी म्हणाले, महिनाअखेरपर्यंत दाखला आला तर मार्चच्या यादीत ह्यांचं नाव घेतो, एरवी नाही. म्हणून मी आपल्या पाळकांना थेट पत्र टाकलं. शनिवारी त्यांचं उत्तर आलं. ते लिहितात, "तुमच्या दाखल्याची मागणी माझ्यापर्यंत कधी आलेलीच नाही, तुमचं नाव अजून आमच्याच पुस्तकात आहे, आणि ऑक्टोबरापासून मी एक दिवसही दौऱ्यावर गेलेलो नाही."

पुढे असंही लिहितात, "ताईंच्या आग्रहावरून तुमच्या यजमानांचं नाव इथल्या मार्चच्या यादीत घातलं आहे, तुमची संमती आहे असं ताई म्हणाल्या."

मी रागावून लिहीत नाही. पाच महिने मी अनोळखी माणसांच्या पुढेपुढे केलं ते कशासाठी, हे तुम्हाला दर पत्रात लिहीत होते. मला एवढंच सांगा की तुम्ही दाखला मुद्दाम अडवलात का.

तुमची भावजय

सोमवार, २४ फेब्रुवारी

वहिनी,

हो. मुद्दाम.

उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ऑक्टोबरात पत्र लिहिताना पाठवायचा विचार होता, खरंच होता. मग रात्रंदिवस एकच डोळ्यांपुढे यायला लागलं. मार्चचा दुसरा रविवार, मी आमच्या बाकावर बसलेय, आणि नावं वाचली जातायत, आणि त्यात आमचा बाळ्या नाही. त्याचं नाव दोनशे मैलांवर कुठल्या तरी भिंतींना ऐकवलं जातंय.

त्याला मी अंघोळ घातलीय. आई आजारी होती तेव्हा शाळेत जाताना कडेवर नेलंय. चाळीस वर्षं तो माझा भाऊ होता, अकरा वर्षं तुझा नवरा. हिशेब तूच कर. तू उठलीस आणि निघून गेलीस, जाताना त्याचं नावही गाठोड्यात बांधून न्यायचं म्हणतेस. ते मी होऊ देणार नाही.

आणि तिथे वाचून उपयोग काय ग? तुझ्याच पत्रांत लिहिलंयस की तिथे तुला कुणी विचारत नाही. बाळ्याचं नाव घेतलं तर मान वर करून बघेल असं एक तरी माणूस आहे का तिथे? इथे साठ माणसं रडतील. दाखला मार्चनंतर मिळेल.

ताई

सोमवार, १० मार्च

ताई,

काल इथे अकरा नावं वाचली. मी शेवटच्या बाकावर होते, पदराला फीत. अकरावं झालं आणि पाळक पुस्तक मिटायला लागले, तेव्हा मी उभी राहिले आणि ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लग्नात शपथ घेताना घेतलं होतं त्याहून मोठ्यानं.

तुम्ही लिहिलं होतं की कुणी मान वर करणार नाही. तुम्ही चुकलात. झाडून सगळ्यांनी केली. सिस्टरांनी सुद्धा मागे वळून पाहिलं. मग दारातले काका आले, कोपराला धरून मला बाहेर नेलं आणि पायरीवर म्हणाले, "पाहुण्यांनी मध्ये बोलायचं नसतं बाई. पहिल्यांदाच आलात का?"

तेवीस रविवार झाले होते ताई.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही.

मंगळवार, ५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

प्रभूमध्ये सलाम.

साडेतीन वर्षांनी लिहिते आहे. अक्षर बघून हसू नकोस. डोळ्यांचे आतले पडदे झिजले, मधोमध नुसतं धुकं, कडेकडेनं थोडं दिसतं. जाड पेनानं लिहिते, चार ओळींत पान संपतं. ज्या मुलांना मी गिचमिड अक्षरासाठी अंगठे धरून उभं केलं त्यांनी आता मला बघावं.

खुब्याचं हाडही मोडलं होतं. आठ महिने बिछान्यात काढून परवाच्या जूनमध्ये चर्चला गेले. नवीन पाळक आलेत. त्यांनी दारात कॉलेजातली दोन पोरं उभी केलीत. त्यातलं एक मला विचारतं, "आजी, पहिल्यांदाच आलात का?" माझ्याच दारात! मी काठी उगारली होती, मग वाटलं, त्याला तरी काय माहीत. आत गेले तर आमच्या बाकावर कुणी नवं बिऱ्हाड बसलेलं. साठ माणसं रडतील असं मी तुला लिहिलं होतं ना? बिछान्यात होते तेव्हा त्यातली चार येऊन गेली. चौघांनीही घड्याळ बघितलं.

एकटीनं राहणं आता होत नाही. तुझ्या शहरात वृद्धांचं एक घर आहे, तिथे जागा मिळालीय, या महिन्याच्या शेवटी येते. तुझ्या चर्चपासून दोन गल्ल्यांवर. तू सभासद झालीस, तिथे तुझा शब्द चालतो, हे मला आपल्या जुन्या पाळकांकडून कळलं.

मला तुझ्याकडे राहायचं नाही, पैसा नको, काही नको. एकच मागणं आहे. मला मूल नाही, बाळ्या नाही. मी मेल्यावर माझं नाव कुठल्या तरी मंडळीत एकदा वाचलं जावं. त्यासाठी तिथल्या पुस्तकात चढायला हवं, आणि दोन सह्या लागतात ते मला पाठ आहे. दाखला यावेळी मी स्वतःच्या हातानं आणते आहे. टपालावर माझा भरवसा नाही.

न बोलावता तुझ्या खोलीवर यायचं तोंड मला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये येईन. तिथे यायला तरी मला परवानगी लागू नये.

तुझी ताई

सोमवार, २ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सलाम. तुझं उत्तर आलं नव्हतं, तरी काल येऊन गेले. तू नव्हतीस.

टॅक्सीवाल्यानं पायरीशी सोडलं. दारात एक बाई होती. चेहरा मला दिसत नाही, पांढरी साडी तेवढी दिसली. ऑर्गन जोरात वाजत होता. मी तिला तुझं नाव सांगितलं, म्हटलं, मी त्यांची नणंद, त्या आल्यात का? ती म्हणाली, "पहिल्यांदाच आलात का?" आवाज ओळखीचा वाटला, पण दारातल्या बायकांचा आवाज सगळीकडे सारखाच असतो, माझाही तसाच असणार. मी पुन्हा विचारलं. तिनं उत्तर न देता मला काहीतरी टाचलं. मला माहीत होतं काय ते. तिचा हात सराईत होता, पदर ओढलाही नाही आणि सुई टोचलीही नाही. मग काठीला धरून मला शेवटच्या बाकापर्यंत आणलं. मी म्हटलं, बाई, दिसत नाही, निदान ऐकू तरी येईल असं पुढे बसवा. ती म्हणाली, पुढचे बाक भरतील आता.

चहाला बसून राहिले. कप कुणी हातात दिला ते कळलं नाही. आजूबाजूला माणसं असल्याचं आवाजावरून कळायचं, मग ते आवाज जवळ येऊन वळायचे. दिसत नसलं की वळणं जास्त ऐकू येतं. एका गृहस्थाच्या बाहीला धरून मी तुझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, आत्ता इथेच होत्या, आणि बाही सोडवून घेतली. म्हणजे तू आली होतीस आणि मला चुकलीस.

वहिनी, खोलीवर आल्यावर मी रडले. बावीस वर्षांत मी किती जणांना शेवटचा बाक दाखवला असेल? ती माणसं घरी जाऊन काय करत असतील हा विचार मला एकदाही शिवला नाही. तू दर पत्रात मला सांगत होतीस आणि मी तुझ्या चेहऱ्याला नावं ठेवत होते. आणि बाळ्याच्या नावाचं मी जे केलं त्याला चुकीचं असं साधं नाव देऊन चालणार नाही. ती चोरी होती. बहिणीनं भावाच्या बायकोची केलेली चोरी. मला माफ कर. आधीच्या पत्रात हे लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला गरज होती आणि गरजेपोटी मागितलेल्या माफीवर माझाच विश्वास बसला नसता. काल कळलं, मग लिहिलं.

त्या दारातल्या बाईला मात्र काढून टाका. अशी बाई एक दिवस दारात उभी राहिली की दहा माणसं देवाला कायमची मुकतात. तिच्या जागी तू उभी राहा. हे ज्यानं भोगलंय त्यानंच दारात उभं राहावं.

येत्या रविवारी पुन्हा येते.

तुझी ताई

गुरुवार, ५ ऑक्टोबर

ताई,

सलाम. मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, म्हणजे हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

दारातली बाई मीच होते.

काका आजारी पडले तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मी राहिले. दोन वर्षं झाली. सेक्रेटरी म्हणतात, तुमच्यासारखी शिस्त काकांनाही नव्हती. फीत मी सुईनं टाचते, टाचणीनं पदर फाटतो. सुरुवातीला मी ठरवलं होतं की येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून पुढे नेईन. चार-पाच जणांना नेलंही. मग एका बाईंनी विचारलं, "हल्ली कुणालाही आमच्या बाकावर आणता का?" आणि मला ऐकू आलं ते असं की 'मुळात हिलाच कुणी आत घेतलं?' त्यानंतर मी कुणाला पुढे नेलं नाही. जागा मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती ताई, ती मला घालवायची नव्हती.

पण तुमच्या बाबतीत तसं काही नव्हतं. तुम्हाला पुढे नेलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, माझी नणंद म्हणून दोघी-तिघींनी हातही मिळवला असता. टॅक्सीतून उतरताना तुम्ही काठीनं पायरी शोधत होता. तुमचे डोळे मला ओळखत नाहीत हे मला दुसऱ्या पायरीवरच कळलं. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. तुम्ही माझं नाव घेऊन विचारलंत, दोनदा, आणि मी फीत टाचली. चहाला मी साखरेच्या टेबलाशी उभी होते, तुमच्यापासून पाच पावलांवर. त्या गृहस्थानं माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी त्यांना खुणेनं गप्प केलं. अर्धा तास मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कप दोन्ही हातांत धरला होता आणि प्रत्येक आवाजाकडे तोंड वर करत होता.

मला बरं वाटलं, ताई. खोटं कशाला लिहू? तेवीस रविवार, त्यात तो मार्चचा रविवार, सगळ्यांचं मिळून बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

तुमची माफी मला बुधवारी मिळाली. मी ती तीनदा वाचली. ती खरी आहे, हेही मला कळतं. पण ती शनिवारी मिळाली असती तरी रविवारी मी हेच केलं असतं. दारातल्या बाईला काढा असं तुम्ही लिहिलंत, बरोबर लिहिलंत. मी स्वतःहून सोडणार नाही.

ह्यांचं नाव इथे दर मार्चला वाचलं जातं. तुम्ही बसून ऐका, त्याला कुणाची सही लागत नाही. तुमचं नाव पुस्तकात चढवण्यासाठी एक सही मी देते. अर्जावर केली आहे, सोबत जोडला आहे.

दुसरी तुम्ही मिळवा. चहाला अर्धा तास असतो.

तुमची भावजय